गावंडे आणि त्यांचा पंखा

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं चपला काढतात, बसतात, पाणी घेतात. आमचे गावंडे साहेब आधी टीव्हीच्या मागे हात घालतात. हात म्हणजे तळहात नव्हे, हाताची मागची बाजू, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी. डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची, थोडं थांबायचं आणि मग निकाल द्यायचा, "तापला हाय." टीव्हीनंतर फ्रिज, फ्रिजनंतर भिंतीवरची विजेची बटणं. माझ्या पत्नीने, मंदाने, पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. गावंड्यांनी जाता जाता ट्रेमधल्या कपालाही हात लावला आणि म्हणाले, "वहिनी, हा मात्र थंड हाय."

पिरंगुटला आम्ही एका मजल्यावर राहत होतो, भिंतीला भिंत लावून. कामालाही एकाच ठिकाणी, जवळच्या भरे गावातल्या एका कारखान्यात. मी माल पाठवण्याच्या खात्यात, ते मेंटेनन्सला. कारखान्यातल्या मोटारी, पंप, कॉम्प्रेसर यांच्यामधून ते सकाळी एक फेरी मारत. मोठा डॉक्टर वॉर्डातून फिरतो तशी फेरी. प्रत्येकाच्या अंगाला हात लावत, कुणाला दोन शब्द बोलत, कुणाकडे नुसतंच बघून उसासा टाकत.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: "तापलं की संपलं." हे वाक्य ते मोटारीला लावत, राजकारणाला लावत, लग्नाला लावत. एकदा मिटिंगमध्ये मोठे साहेब उत्पादनावरून इतके भडकले की टेबलावरचे कप वाजायला लागले. सगळे खाली बघत होते. गावंडे शांतपणे उठले, साहेबांच्या मनगटाला हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाले, "साहेब, पाच मिनटं बंद राहा. तापले तुम्ही." साहेब खरोखरच पाच मिनिटं बंद राहिले. नंतर गावंड्यांची बढती वर्षभर बंद राहिली, पण ती गोष्ट वेगळी.

माणूस अकोल्याचा. तिथलं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांचा उष्णतेशी जन्माचा झगडा असतो. वऱ्हाडात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, कानाला दुपट्टा बांधतात. गावंडे मुळशीत आले तरी त्यांनी हे दोन्ही सोडलं नाही. आमच्याकडे मे महिन्यातसुद्धा सूर्य कलला की ताम्हिणीकडून गार वारा येतो आणि अंगावर चादर लागते, हे त्यांना दिसत होतं. पटत नव्हतं. एकदा कंपनीच्या बसमध्ये तो खिशातला कांदा पडला आणि घरंगळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेला. ड्रायव्हर भऱ्याचाच. त्याने कांदा उचलला, वळून पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, भाकर बी आणलीया का?"

पुढची हकिगत कळायची तर गावंड्यांच्या पत्नीबद्दल सांगायला हवं. सुमनवहिनी. गोल चेहऱ्याच्या, बोलक्या, दिवसभर कुणाशी ना कुणाशी गप्पा चाललेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रफुल्ल नोकरीसाठी कॅनडात गेला होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र. वहिनी तासभर बोलत. भाजी कशी कापली इथपासून कोणाचं लग्न मोडलं इथपर्यंत. गावंडे बाजूला पेपर वाचत बसत. शेवटी वहिनी फोन त्यांच्या कानाला लावत, "घ्या, बोला." हे म्हणत, "हं. तब्येत? बरं. ठेव." झालं बापलेकांचं बोलणं.

मग वहिनी गेल्या. चार दिवस दवाखान्यात होत्या, बस.

रविवारचा फोन मात्र येत राहिला. आमच्या इमारतीची भिंत अशी की पलीकडे कोणी साखर ढवळली तरी इकडे कळावं. त्यात गावंडे फोनवर बोलायचे ते कॅनडापर्यंत आवाज पोचवण्याची जबाबदारी स्वतःवर असल्यासारखे. त्यामुळे तो फोन आम्हालाही पाठ झाला होता. मुलगा काय बोलत असेल ते यांच्या बोलण्यावरून कळायचं.

"जेवला?"

"मी जेवलो."

"पाऊस? हाय इकडं."

"बरं मंग."

त्या ‘बरं मंग’च्या आधी एक जागा असायची. दोघेही तिथे थांबून बघायचे, समोरचा काही बोलतोय का. कोणी बोलायचं नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आणि थोड्या वेळाने आमची बेल. गावंडे आत येत आणि मुकाट्याने आमच्या टीव्हीमागे हात घालत. रविवारी सकाळी आमचा टीव्ही इतक्या बारकाईने तपासला जाई की मंदा म्हणायची, या पडद्याला आता लाज वाटत असेल.

एकदा बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "जाधवभाऊ, पोरगं फोन करते. पण करते कायले, हे त्याले समजत नाही अन् मलेबी समजत नाही. सुमन होती तं मी पेपर वाचत बसो. आता काय बोलाव? एक दिवस तो कंटाळन. बंद करन."

मी काहीतरी म्हणालो, मुलगा चांगला आहे वगैरे. त्यांनी ते ऐकलं नाही.

वहिनींच्या वर्षश्राद्धाला प्रफुल्ल आला. येताना स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आला. चेहरा बघून बोललं तर बरं वाटेल, असा त्याचा हिशेब. तसा समजूतदार मुलगा. बोलण्यात मात्र बापावर गेलेला. निघायच्या आदल्या दिवशी त्याने त्या लॅपटॉपमधली जुनी सिस्टीम काढून नवी घातली. गावंडे मागे उभे.

"चालत होती ना?"

"चालत होती, बाबा. पण जुनी झाली. आता कोणी वापरत नाही."

"मीबी जुनाच हाव. बदलतं का?"

प्रफुल्ल हसला नाही. नवी सिस्टीम घालून तो विमानात बसला.

पुढच्या रविवारी आम्ही पोहे खायला बसलो आणि भिंतीपलीकडे पिठाची गिरणी सुरू झाली. मंदाने चमचा खाली ठेवला. "गावंडे भाऊजींनी दळण घ्यायला सुरुवात केली की काय?" मी गेलो. टेबलावर लॅपटॉप, त्यातून घरघर चाललेली, आणि गावंडे त्याच्यावर हात ठेवून, डोळे मिटून उभे. मला पाहून म्हणाले, "थंड हाय. एकदम थंड. मंग हा ओरडते काहून?"

मला जे समजलं ते असं. लॅपटॉपच्या पोटात एक लहान पंखा असतो. तापला की फिरायचं आणि निवला की थांबायचं, हे जुन्या सिस्टीमला ठाऊक होतं. नव्या सिस्टीमला हा पंखा कोण, कुठला, काहीच माहीत नव्हतं. त्यामुळे मनात आलं तर तो सकाळपासून पूर्ण जोरात फिरायचा आणि मनात नसलं तर फिरायचाच नाही. मग लॅपटॉप तापत तापत जायचा आणि बोलता बोलता पटकन बंद पडायचा. पडदा काळा, प्रफुल्ल गायब. आधीच दोन वाक्यांचा संवाद, त्यातलं एक मध्येच तुटायचं.

त्या पहिल्या रविवारी मी तिथेच होतो. पडद्यावर प्रफुल्ल उगवला.

"बाबा, आवाज कसला येतोय?"

"तुह्या नव्या सिस्टीमचा."

"माझ्या कशी? तिथे धूळ गेली असेल."

"धूळ? इथं पाण्याशिवाय काही नाही. धूळ पाहाले अकोल्याले जाव लागन."

"बाबा, मी निघालो तेव्हा व्यवस्थित होता."

"तू निघाला तेव्हा मीबी व्यवस्थित होतो."

हे असं पाऊण तास चाललं. दोघांनी एकमेकांना भरपूर दोष दिला. मग पंखा मध्येच थांबून लॅपटॉप तापला आणि बंद पडला, तेव्हा गावंड्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत न पाहिलेली तरतरी होती. त्या दिवशी ते आमच्याकडे आले नाहीत. आमचा टीव्ही तसाच तापला.

गावंड्यांकडे हौसाबाई कामाला यायच्या. भऱ्याच्या. झाडलोट आणि स्वयंपाक. पहिले दोन दिवस त्यांनी तो आवाज ऐकून घेतला. तिसऱ्या दिवशी केरसुणी टेकवून विचारलं, "सायेब, ह्याला दमा हाय का? आमच्या सासऱ्याचं आसंच व्हतं. पावसाळा आला की घरघर."

"मंग काय केलं तुम्ही?"

"काय करनार? ऐकत बसायचं."

पण ऐकत बसणं गावंड्यांच्या स्वभावात नव्हतं. तापणारी वस्तू समोर असताना माणूस स्वस्थ कसा बसेल? त्यांनी लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं ठेवली. मग झाकणांखाली ताट उपडं घातलं. मग ताटासकट सगळं उचलून खिडकीत ठेवलं, तर पावसाची झड आत आली. घाबरून पुन्हा टेबलावर. रोज बसमध्ये ते लॅपटॉपचं तापमान जाहीर करत. "आज बावन्न." "आज पासष्टवर गेला." आमच्या स्टोअर्समधल्या नाईकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची समजूत अशी की गावंड्यांचा कोणी भाचा परीक्षा देतोय आणि हे मार्क सांगताहेत. एके दिवशी गावंडे अगदी खचलेल्या आवाजात म्हणाले, "आज एक्काहत्तर." नाईक मागच्या सीटवरून म्हणाले, "अरे वा. अभ्यासाला लागलं की पोरगं."

आणि मग ते कूलर प्रकरण.

श्रावण होता. श्रावणात आमच्याकडे हवा अशी असते की मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही आणि वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी सकाळपेक्षा ओला निघतो. अशा दिवसांत गावंड्यांनी अकोल्याहून वाळ्याची टाटी मागवली. टाटी म्हणजे वाळ्याच्या मुळांची जाळी. वऱ्हाडात ती कूलरला लावतात, तिच्यावर पाणी सोडतात, मागून पंखा फिरतो आणि गरम कोरडी हवा तिच्यातून गार होऊन येते. गावंड्यांनी टेबलफॅन घेतला, पुढे टाटी बांधली, वर पाण्याची बाटली उलटी टांगली आणि या सगळ्याचं तोंड लॅपटॉपकडे केलं. मला बोलावलं. माझ्याकडे त्यांनी एखाद्या धरणाचं उद्घाटन असावं तसं पाहिलं आणि बटण दाबलं.

आता कूलर हा कोरड्या हवेचा खेळ. आमची हवा आधीच नाकापर्यंत प्यायलेली, ती आणखी किती पिणार? खोलीभर वाळ्याचा वास सुटला, अत्तराच्या दुकानासारखा, एवढं मात्र झालं. बाकी लॅपटॉप निवायच्या ऐवजी भिजला. त्याची एक कळ आपोआप दबून राहिली आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीच्या ओळी उमटत गेलं. रविवारी प्रफुल्ल पडद्यावर आला आणि पुढे वाकून बघायला लागला.

"बाबा, तुमच्या तोंडासमोर धुकं का आहे?"

"कूलर लावला तुह्या लॅपटॉपले."

प्रफुल्ल आणखी पुढे वाकला.

"पावसात?"

"मंग."

"टाटी लावून?"

"टाटीबिगर कूलर असते का?"

आणि प्रफुल्ल हसायला लागला. मोठ्याने, थांबत नव्हता. मी तोवर त्या मुलाला हसताना ऐकलं नव्हतं. हुबेहूब सुमनवहिनी. गावंडे जरा वेळ रागाने बघत राहिले, मग म्हणाले, "हस. आपल्या अकोल्याच्या कूलरमधी तू मासा सोडला होता, तवा मी हसलो का?"

"मासा नव्हता बाबा. बेडकाचं पिल्लू होतं."

"मासा होता."

"बेडूक. आईने ओंजळीत धरून विहिरीत नेऊन सोडलं होतं."

"मले कोणी सांगतलंच नाही," गावंडे म्हणाले. मग त्या बेडकावर त्यांचं बराच वेळ बोलणं झालं. मी निघालो तेव्हा कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

कूलर गेला आणि त्याची जागा एका प्रोग्रॅमने घेतली. प्रफुल्लने तो इंटरनेटवरून शोधला होता. असाच पंखा बिघडलेल्या कुण्या माणसाने तयार करून फुकट ठेवला होता. त्यात आपणच लिहायचं: किती डिग्रीपर्यंत पंख्याने झोपायचं, कुठून हळू फिरायचं, कुठून जोरात. गावंड्यांना हे फार आवडलं. पंख्याला अखेर कोणीतरी वरिष्ठ मिळाला, असं ते म्हणाले. पण तो प्रोग्रॅमही वाकडा. कधी उघडायचा नाही, कधी उघडून परवानगी मागायचा, कधी सगळं नीट लिहून झाल्यावर लॅपटॉप बंद-चालू केला की विसरायचा. म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, काय दिसतंय?"

"चौकट."

"चौकटीत काय लिहिलंय?"

"इंग्लिश."

"वाचा ना, बाबा."

"वाचतो. तू ओरडू नको, तापशीन."

हे श्रावणात चाललं, भाद्रपदात चाललं, गणपती आले आणि गेले. तोवर माझी अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा. आवाज कमी झाला की नाही हे ठरवायला त्रयस्थ कान लागतो आणि तो माझा होता. बेल वाजायची. "जाधवभाऊ, ऐका. कालच्यापेक्षा कमी हाय ना?" मी जायचो, ऐकायचो, कमी आहे म्हणायचो. कधी खरंच कमी असायचा, बहुतेकदा मी कंटाळलेला असायचो. एकदा जेवताना मंदाने विचारलं, "भाजी कशी झालीय?" मी म्हणालो, "कालच्यापेक्षा कमी." त्या दिवशी मला दुसरी वाढ मिळाली नाही.

दिवाळीच्या थोडं आधी पंखा सुधारला. कसा, ते दोघांनाही कळलं नाही. शंभर वेळा लिहिलेले तेच आकडे एकशे एकाव्या वेळी प्रोग्रॅमने लक्षात ठेवले, एवढंच. पंखा आधी मंद झाला, मग थांबला. लॅपटॉप चालू, पडदा चालू आणि आवाज नाही. खालच्या पौड रस्त्यावरून जाणारा टेम्पो ऐकू आला. हौसाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"मेलं काय?"

"मेलं नाही बाई. बरं झालं."

"मंग बोलंना कसं?" हौसाबाई त्या लॅपटॉपकडे संशयाने बघत आत गेल्या.

गावंड्यांनी इमारतभर पेढे वाटले. मुलाचा प्रताप म्हणून सांगितलं. मी त्या दुपारी जेवून जे झोपलो ते मंदाने चहाला उठवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. शांतता ऐकायला. पडद्यावर प्रफुल्ल, हातात कप.

"आवाज नाही ना बाबा?"

"अजिबात नाही."

"छान झालं."

"हो. छान झालं."

"तापमान?"

"अठ्ठेचाळीस."

"मस्त."

प्रफुल्ल कपातलं काहीतरी प्यायला. गावंड्यांनी चष्मा पुसला. लॅपटॉप इतका शांत होता की तिकडे त्याने कप टेबलावर ठेवला तेही इकडे ऐकू आलं.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो. पाऊस?"

"गेला आता."

"बरं मग, बाबा."

"बरं मंग."

पडदा बंद झाला. गावंड्यांनी सवयीने लॅपटॉपला हात लावला. "थंड हाय," ते म्हणाले. मोटारीबद्दल ते हे वाक्य म्हणत तेव्हा त्यात एक समाधान असायचं.

पुढचे रविवार असेच गेले. बसमध्ये तापमान सांगणं बंद झालं, कारण ते रोज अठ्ठेचाळीसच असायचं. एकदा नाईकांनी चौकशी केली, "काय हो, पोराचा निकाल लागला का?"

"लागला," गावंडे म्हणाले. "पास झाला." आणि खिडकीकडे तोंड केलं.

मग एका रविवारी फोनच आला नाही. मी काही वाटीबिटी परत करायला गेलो होतो. दार उघडंच होतं. गावंडे लॅपटॉपसमोर बसलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. हौसाबाई त्यांच्या खुर्चीभोवतीचं झाडून घेत होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून पडद्याकडे पाहिलं. "सायेब, आज कुनी न्हाई व्हय ह्याच्यात?"

"कामात असन," गावंडे म्हणाले.

"व्हय. पोरांला कामं असत्यात." त्यांनी केर सुपलीत घेतला. "पाय वर घ्या."

गावंड्यांनी पाय वर घेतले आणि बराच वेळ तसेच वर धरून ठेवले.

त्याच्या पुढच्या रविवारी मंदाने धिरडी केली होती. ताट देऊन मला पाठवलं. मी पोचलो तेव्हा प्रफुल्ल पडद्यावर होता, पण काही बोलत नव्हता. गावंडेही नाही. मला वाटलं, झालं बहुतेक, आता ‘बरं मग’ येईल. तेवढ्यात प्रफुल्ल घसा खाकरून म्हणाला, "बाबा, एक विचारायचं होतं."

"विचार."

"नवीन अपडेट आलंय. लॅपटॉपचं."

"मोठं हाय?"

"मोठं आहे. जवळजवळ सगळी सिस्टीमच नवी होते."

"नाही टाकलं तं चालन का?"

प्रफुल्ल खोटं बोलणारा मुलगा नव्हता. "चालेल. अजून वर्षभर तरी काही अडणार नाही."

"अन् टाकलं तं?"

"तो प्रोग्रॅम त्यात चालत नाही म्हणतात लोक." तो कॅमेऱ्याकडे न बघता बोलत होता. "पंख्याचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, बाबा."

मी ताट घेऊन तसाच उभा. आमच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या दारावर गावंड्यांनी स्वतः रंगवून लावलेली एक पाटी आहे: चालत्या मशीनला हात लावू नये. या एका नियमावरून त्यांनी मोठ्या साहेबांशी भांडण घेतलं होतं. एका नव्या इंजिनिअरला त्यांनी दोन दिवस मशीनजवळ येऊ दिलं नव्हतं, कारण त्याने नीट चाललेला पंप ‘जरा अजून चांगला करतो’ म्हणून उघडला होता.

"टाक," गावंडे म्हणाले.

"आता?"

"आता काहून नाही? तुले झोप येते का?"

"नाही, नाही. मी जागाच आहे." प्रफुल्ल खुर्चीत पुढे सरकला. "पण आधी ते सगळं उतरवून घ्यावं लागेल. तुमच्या नेटवर तीन-चार तास तरी जातील. मध्येच थांबलं तर बघावं लागेल."

"जाऊ दे."

"आणि नेट त्यालाच लागेल, तर व्हिडिओ बंद करतो. मी फोन लावतो. तुम्ही पडद्यावर किती टक्के झालं ते सांगत राहा."

"सांगतो."

त्याने कुठे काय दाबायचं ते सांगितलं, गावंड्यांनी ते दाबलं आणि प्रफुल्ल पडद्यावरून नाहीसा झाला. त्याच्या जागी एक पांढरी पट्टी आली, तिच्या डाव्या टोकाला हिरवा ठिपका. लगेच फोन वाजला. गावंड्यांनी तो कानाला लावला, दुसऱ्या हाताने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि तिला पाठ टेकून ऐसपैस बसले. मी ताट त्यांच्या कोपराशी ठेवलं. त्यांनी मान हलवली, पण नजर पट्टीवरून काढली नाही.

"हां, पाहतो हाय," ते फोनवर म्हणाले. "एक झाला. ... नाही, तापला नाही अजून. ... जाधववहिनीनं धिरडी पाठवली. बेसनाची. ... तुह्या आईची येगळी राहे, ती ज्वारीचं पीठ घाले. थांब, दोन झाले. ... काय घाले अजून? आता ते मी कुठं पाह्यलं? ... हो? तुले माहीत हाय? सांग बरं."

मी दार लोटून घेत होतो.

"तीन," आतून आवाज आला. "नाही, काही घाई नाही. तू सांग."